गरीला मासा लागायच्या आधीचं अर्धं मिनिट

माझं औषधांचं दुकान मालवणच्या उत्तरेला, एका लहान बंदराच्या तिठ्यावर आहे. पुढे एसटीचा थांबा, मागे जेटी. गेल्या ऑक्टोबरात एका दुपारी अर्ध्या तासाच्या अंतराने दोन गिऱ्हाइकं आली, आणि हा लेख त्या दोघांमुळे लिहायला बसलो.

पहिला, ट्रॉलरवर जाणारा बाविशीचा पोरगा. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "काका, झोपेची गोळी आसा?"

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाय."

"मगे गोळी पण नाय. झाला काय?"

बराच वेळ तो काउंटरवर चिकटवलेली खोकल्याच्या औषधाची जाहिरात वाचत राहिला. मग सुटलाच. भूक नाय, झोप नाय, रात्री दोनाक जाग येता नि मगे मोबाइल बघीत रवतंय. पोरगी वेंगुर्ल्याकडची, गणपतीत आत्येच्या घरी ओळख झालेली. तिचा मेसेज कधी लगेच येतो, कधी दोन दोन दिवस येत नाही. त्याच्या घराकडे रेंज नाही, म्हणून हा संध्याकाळी सड्यावर चढून बसतो. आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली होती.

तो गेला आणि एक आजी आल्या. त्यांचे यजमान पूर्वीचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. आता कंपवात झालाय, उजवा हात थरथरतो, पाऊल उचलता उचलत नाही. आजी दर महिन्याला लेव्होडोपाच्या गोळ्यांच्या पट्ट्या मोजून घेतात.

पोराला झालंय तो आजार नव्हे, आजोबांना झालाय तो आजारच. पण दोन्हींची मुळं मेंदूच्या एकमेकींना लागून असलेल्या दोन वाड्यांत आहेत, आणि दोन्ही वाड्यांत पिकतं ते एकच रसायन: डोपामिन.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी काही लाखच, आणि त्यांचा मोठा जथा मेंदूच्या तळाशी, मध्यमेंदूत दाटीवाटीने बसलेला असतो. त्यातली एक वाडी म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रा. लॅटिनमध्ये अर्थ 'काळा पदार्थ', कारण तिथल्या पेशींत गडद रंगद्रव्य असतं. शरीराच्या हालचाली सुरळीत सुरू व्हाव्यात म्हणून ही वाडी डोपामिन पुरवते. तिथल्या पेशी मरत गेल्या की कंपवात होतो. तिला लागूनच दुसरी वाडी, व्हेंट्रल टेगमेंटल एरिया. नाव लांबलचक, म्हणून सगळे व्हीटीए म्हणतात. ती हातपाय हलवण्याच्या भानगडीत फारशी पडत नाही. तिचे धागे मेंदूच्या ज्या भागांत जातात तिथे 'हे हवं' हा हुकूम निघतो. अन्न हवं, पाणी हवं, व्यसनी माणसाला दारू हवी, आणि सड्यावर बसलेल्या पोराला वेंगुर्ल्याची पोरगी हवी.

डोपामिनची गोष्ट आपल्या रानातून गेलेली आहे, हे माझ्या धंद्यातल्या लोकांनाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. सर्पगंधा नावाचं झुडूप सह्याद्रीच्या जंगलात मिळतं. तिचं मूळ वैद्य पूर्वापार वापरत आले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहून दाखवलं की या मुळीने रक्तदाब उतरतो. मग साऱ्या जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं, आणि १९५२ साली तिच्यातलं मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळं काढण्यात आलं. स्वीडनमधल्या लुंड इथे आर्विड कार्लसन यांनी हे रेसर्पिन सशांना टोचलं. रेसर्पिनने मेंदूतलं डोपामिन संपतं. ससे कान पाडून, दगडासारखे बसून राहिले. ना हलणं, ना खाणं. मग त्यांना लेव्होडोपा दिला, आणि थोड्याच वेळात ससे उठून चालू लागले. हे १९५७ साल. तोवर डोपामिन म्हणजे दुसरं काहीतरी बनताना मधे लागणारा कच्चा माल, एवढीच त्याची पत होती. ते स्वतःच निरोप नेणारं रसायन आहे, हे कार्लसन यांनी दाखवलं आणि त्याबद्दल २००० साली त्यांना नोबेल मिळालं. आजी माझ्याकडून नेतात त्या गोळीची पाळंमुळं ही अशी. डोपामिन थेट पोटात घेऊन उपयोग नसतो, कारण रक्तातून मेंदूत शिरायच्या वेशीवर त्याला अडवतात. लेव्होडोपाला आत सोडतात, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. मोबाइलवर कुठेही बघा, डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' असं लिहिलेलं असतं. मला हे पटत नाही, आणि ज्यांनी त्यावर जन्म घालवला त्यांनाही फारसं पटत नाही. ते का, हे कळायला जेटीवर जाऊन गरवणाऱ्या माणसाशेजारी बसावं.

संध्याकाळी भरती चढू लागली की आमच्या जेटीवर पाच-सात जण गरी टाकून बसतात. गरीला कोलंबीचा तुकडा, बोटावर नायलॉनचा दोरा. मासा लागला, वर आला, पिशवीत गेला, की त्या माणसाच्या चेहऱ्यावर काय असतं? बरं वाटल्याचं हसू, बस्स. पण दोरा बोटाला एकदा हलका ठोकला आणि पुढे काहीच झालं नाही, ते अर्धं मिनिट बघा. बिडी विझलेली असते, शेजारी बोलतोय ते ऐकू येत नाही, श्वास धरलेला, सगळा माणूस त्या एका बोटात जाऊन बसलेला. डोपामिनचा खरा अंमल त्या अर्ध्या मिनिटात.

ही नुसती माझी कल्पना नाही. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींजवळ बारीक तारा घालून त्या कधी बोलतात हे ऐकलं. माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की पेशी जोरात बोलायच्या. मग थेंबाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला सवय झाल्यावर पेशी दिवा लागताच बोलू लागल्या, आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा गप्प. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या घटकेला पेशींचं नेहमीचं पुटपुटणंही बंद पडायचं. म्हणजे डोपामिन सुखाचा हिशेब ठेवत नाही. ठरल्यापेक्षा जास्त आलं की कमी आलं, याचा हिशेब ठेवतं. २००३ साली शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रस नक्की येणार असेल किंवा नक्की येणार नसेल, तर मधल्या वाट बघण्याच्या वेळात पेशी शांत असतात. येईल की नाही हे अगदी निम्मं-निम्मं असेल, तेव्हा त्यांची कुजबुज सर्वांत जास्त चढते.

आता त्या पोराचा मोबाइल आठवा. मेसेज रोज आठ वाजता आला असता, तर महिन्याभरात त्याचं जेवण मार्गी लागलं असतं. कधीच आला नसता, तरी चार दिवस रडून मोकळा झाला असता. येतो कधी, येत नाही कधी. दोन निळ्या रेघा दिसतात आणि उत्तर नाही. हा निम्मा-निम्मा मामला म्हणजे व्हीटीएला पर्वणी. पोरगी काही मुद्दाम खेळवत नसणार. तिच्याही गावात रेंजची बोंब असेल.

'हवंसं वाटणं' आणि 'आवडणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी फार छान उलगडलं. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं, तर ते समोरचं अन्नही खायला उठत नाहीत, भरवलं नाही तर उपाशी मरतात. वाटेल, त्यांची आवडच मेली. पण त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं तर ते मिटक्या मारत ओठ चाटतात, अगदी धडधाकट उंदरासारखे. आवड शाबूत, ओढ गेलेली. आवडीचं खातं मुख्यतः शरीरात बनणाऱ्या अफूसारख्या द्रव्यांकडे, एंडॉर्फिन वगैरेंकडे असतं. आपल्या भाषेत हा भेद आधीपासून आहे. 'ओढ लागली' हे दोरी ताणल्याचं क्रियापद आहे, त्यात सुख कुठेही नाही. प्रेमात पडलेला माणूस सुखी दिसत नाही म्हणून घरचे काळजी करतात, पण त्या दिवसांत मेंदूचा भर सुखावर नसतोच.

प्रेमाच्या बाबतीत हे तपासलं आर्थर एरन, हेलन फिशर आणि ल्युसी ब्राउन यांनी, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात. नुकत्याच आकंठ प्रेमात पडलेल्या १७ जणांना, १० बायका आणि ७ पुरुष, एमआरआयच्या बोगद्यात झोपवलं. प्रेमात पडून सरासरी ७.४ महिने झालेले. डोळ्यांसमोर आधी प्रियकराचा किंवा प्रेयसीचा फोटो, मग एका ओळखीच्या पण तटस्थ माणसाचा. आता अडचण अशी की लाडक्या माणसाचा फोटो समोरून काढला तरी मनातून जात नाही. म्हणून मधल्या वेळात त्यांना एका मोठ्या आकड्यातून सात-सात वजा करत उलटं मोजायला लावलं. मला या प्रयोगातली ही गोष्ट सर्वांत आवडते. प्रेमावर उतारा म्हणून सातचा उलटा पाढा शास्त्रज्ञांनाही लागला. लाडक्या फोटोला उजेड पडला तो व्हीटीएमध्ये आणि तिथून डोपामिन घेणाऱ्या कॉडेट नावाच्या भागात. कोकेन घेतल्यावर जागी होते ती हीच यंत्रणा. त्या तिघांचं म्हणणं असं पडलं की प्रेम हा राग-आनंदासारखा भाव म्हणण्यापेक्षा भूक-तहानेसारखा रेटा आहे. १७ म्हणजे फार माणसं नव्हेत, हे खरं. पण लंडनमध्ये आंद्रेआस बार्टेल्स आणि सेमिर झेकी यांनी २००० साली असाच प्रयोग केला होता, आणि नंतर चीनमधल्या प्रेमिकांवरही झाला. चित्र बरंचसं जुळतं.

बार्टेल्स-झेकींना एक जास्तीची गोष्ट दिसली. लाडका चेहरा बघताना भीतीशी संबंधित अमिग्डला आणि माणसाची पारख करताना वापरात येणारे काही भाग मंदावतात. घरच्यांनी पोरीचे किंवा पोराचे दोष कितीही पुराव्यानिशी सांगितले तरी ते शिरत का नाहीत, याचं उत्तर बहुधा इथे आहे. परीक्षकच रजेवर.

परत आजोबांकडे येतो. मधे त्यांना लेव्होडोपाच्या जोडीला दुसरी एक गोळी सुरू केली होती, डोपामिनची नक्कल करणारी. तिने हात बरा झाला. पण दोन-तीन महिन्यांनी आजी कुरकुरत आल्या, "ह्यांका काय झाला देव जाणा. दर बाजारात गरी घेवन येतत." घरात गरीच्या आणि नायलॉनच्या दोऱ्याच्या डब्यांची रास. तरुणपणी कधी गरी न धरलेला माणूस, कायम जाळ्यावर; आणि आता रोज सकाळी गऱ्या आकाराप्रमाणे लावायच्या, पुन्हा मोडायच्या, पुन्हा लावायच्या. मी डॉक्टरांना भेटायला सांगितलं, त्यांनी गोळी हळूहळू कमी केली आणि डबे यायचे थांबले. या जातीच्या औषधांचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. काही रुग्णांना जुगाराचा नाद लागतो, काहींना खरेदीचा, काहींची कामवासना अचानक चढते. कारण सोपं: औषध सबस्टॅन्शिया नायग्राच्या वाडीला हवं होतं, पण पाट फोडला की पाणी शेजारच्या वाडीतही जातं. कोणाच्या घरी अशी गोळी चालू असेल आणि माणूस बदलल्यासारखा वाटत असेल, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. मनाने मात्र बंद करू नका.

ऐंशीला टेकलेला माणूस गऱ्यांच्या प्रेमात पडला होता. दुसरा शब्द मला सुचत नाही.

प्रेमात छाती धडधडते, तळवे ओले होतात, पोटात कालवतं, ते काम नॉरॲड्रेनालिन आणि ॲड्रेनालिनचं. ही दोघं डोपामिनची परकी नाहीत. नारळाचं खोबरं, खोबऱ्याचा रस, रसाची सोलकढी, तशी ही साखळी आहे. बांगड्यातून, डाळीतून मिळणारं टायरोसिन, त्याचं लेव्होडोपा, त्याचं डोपामिन, त्याचं नॉरॲड्रेनालिन, आणि त्याचं ॲड्रेनालिन. दर टप्प्याला थोडासाच बदल. गंमत अशी की वाघ दिसला, परीक्षेचा निकाल लागला किंवा ती एसटीतून उतरली, तिन्ही वेळा शरीर हीच रसायनं सोडतं. धडधड कशामुळे होतेय हे ठरवताना मेंदूची गफलत होऊ शकते.

पावसाळ्यात व्हाळावरचा लाकडी साकव ज्याने ओलांडलाय त्याला पुढचं लगेच कळेल. कॅनडात व्हँकूव्हरजवळ कॅपिलानो नदीवर झुलता पूल आहे, सुमारे ४५० फूट लांब, खाली २३० फुटांवर खडक आणि पाणी. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोनाल्ड डटन आणि तेच आर्थर एरन यांनी या पुलावर एक तरुणी उभी केली. पूल ओलांडणाऱ्या तरुणांना ती काही प्रश्न विचारायची आणि 'आणखी माहिती हवी तर फोन करा' म्हणून नंबर द्यायची. तीच तरुणी वरच्या अंगाच्या एका ठेंगण्या, भक्कम पुलावरही उभी राहिली. हलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी फोन केला, भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त २ जणांनी. भीतीची धडधड पोरीच्या नावावर जमा झाली, असा अर्थ त्यांनी लावला. त्यावर वाद झाले; झुलत्या पुलावर जाणारे लोक मुळातच धाडसी असतील, ही शंका रास्त आहे. पण जत्रेतल्या आकाशपाळण्यात लग्नं का जमतात याचं याहून बरं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

मग दिवसरात्र तोच तो विचार का? इथे सेरोटोनिन या आणखी एका रसायनाचं नाव येतं. इटलीतल्या पिसा इथल्या दोनातेल्ला माराझ्झिती यांनी १९९९ साली तीन गट घेतले: २० नुकते प्रेमात पडलेले, २० मंत्रचळाचे रुग्ण (पुन्हा पुन्हा हात धुणारे, कडी तपासणारे) आणि २० सर्वसाधारण. रक्तातल्या बिंबिकांवर (प्लेटलेट्सवर) सेरोटोनिन आत ओढून घेणारी प्रथिनं असतात, ती मोजली. प्रेमी आणि मंत्रचळी, दोन्ही गटांत ती सारखीच कमी भरली. वर्ष-दीड वर्षाने त्यांतल्या काही प्रेमिकांना पुन्हा तपासलं, तर आकडे पूर्ववत. याचा 'प्रेम म्हणजे वेड' असा गाजावाजा झाला. पण हे मोजमाप रक्तातलं, मेंदूतलं नव्हे, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं. शिवाय २०१२ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात प्रेमात पडलेल्या पुरुषांच्या रक्तात सेरोटोनिन कमी निघालं आणि बायकांच्या रक्तात जास्त. एका रसायनाचं एकच काम, असं मेंदूत फार क्वचित असतं. मीही पोराला दिलासा म्हणून दीड वर्षाचा आकडा सांगितला होता. "ह्या कधी उतारतला?" या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायला लागतंच. त्याने बोटांवर मोजलं, "म्हंजे दोन सिझन." आणि तोंड पाडलं.

आतापर्यंत सगळी भरतीची रसायनं झाली. रुजण्याचं रसायन वेगळं, आणि ते आमच्या गोठ्यांना शहरापेक्षा चांगलं ठाऊक आहे. वासरू सडाला ढुशी देतं, गाय अंग सैल सोडते, आणि पान्हा फुटतो. या पान्ह्याचं शास्त्रीय नाव ऑक्सिटोसिन. वासराच्या ढुशीने मेंदूच्या तळातून ते रक्तात सुटतं आणि कासेतल्या दुधाच्या बारीक पिशव्या आवळल्या जाऊन दूध उतरतं. नवखा माणूस धार काढायला बसला की गाय पान्हा चोरते, तेव्हा अडतं ते हेच. बाळंतपणात गर्भाशय आवळणारंही हेच. इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी ते काम १९०६ साली नोंदवलं. व्हिन्सेंट दु विन्यो यांनी १९५३ साली ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. नऊ अमिनो आम्लांची एवढीशी माळ. तिच्यातले दोन मणी बदलले की होतं व्हॅसोप्रेसिन. मूळ काम शरीरातलं पाणी राखणं.

आता हे प्रेमात कुठून आलं? व्होल नावाच्या उंदरासारख्या छोट्या प्राण्यामुळे. अमेरिकेतल्या गवताळ माळांवरचा प्रेअरी व्होल एकदा जोडी जमली की सहसा तिच्यासोबतच बिळात राहतो, पिल्लं दोघं वाढवतात. त्याचाच चुलतभाऊ मेडो व्होल मात्र आज इथे, उद्या तिथे. जंगलात राहणाऱ्या मोठ्या प्राण्यांपेक्षा या दोन उंदरांनी शास्त्रज्ञांना जास्त शिकवलं. असं दिसलं की जोडीने राहणाऱ्या जातीत, मेंदूतल्या ओढीच्याच भागांत ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) भरपूर असतात. म्हणजे सुख मिळालं त्या घटकेला शेजारी कोण होतं, तो वास, तो चेहरा, यांची ओढीशी गाठ मारली जाते. २००४ साली लॅरी यंग यांच्या गटाने फिरत्या मेडो व्होल नरांच्या मेंदूत व्हॅसोप्रेसिनच्या ग्राहकाचं जनुक घातलं, तर ते एकाच मादीशेजारी बसून राहू लागले.

ही बातमी ऐकून ज्यांनी लग्नाआधी टोचायच्या इंजेक्शनची स्वप्नं पाहिली, त्यांना २०२३ साली धक्का बसला. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी प्रेअरी व्होलचं ऑक्सिटोसिन ग्राहकाचं जनुकच जन्मापासून निकामी केलं. अपेक्षा अशी की हे आता जोडीने राहणार नाहीत. ते राहिले. पिल्लंही वाढवली. बहुधा निसर्गाने या गाठीला एकाहून जास्त दोर लावलेले आहेत. एक तुटला तर होडी लगेच वाहून जात नाही. तेव्हा 'प्रेमाचा स्प्रे' म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. नाकातून ऑक्सिटोसिन दिल्याने माणसांत विश्वास वाढतो, हे गाजलेले निष्कर्षही पुढे पुन्हा तपासताना नीट टिकले नाहीत.

आणि हे सगळं तुटलं तर? फिशर, ब्राउन, एरन यांनी २०१० साली प्रेमात नाकारल्या गेलेल्या १५ जणांनाही त्याच बोगद्यात घातलं. अजून ज्यांच्या मनातून माणूस गेलेलं नव्हतं असे हे लोक. सोडून गेलेल्याचा फोटो दिसताच व्हीटीए तशीच पेटलेली. दिवा लागलाय, रस येत नाही, आणि मेंदू दिव्याकडे बघणं सोडत नाही. म्हणून तर माणूस डीपी बघत बसतो. तो नंबर काही दिवस डोळ्यांआड करणं म्हणजे रुसवा नव्हे. दिवाच विझवण्याचा तो उपाय आहे, आणि माझ्या दुकानातल्या कुठल्याही गोळीपेक्षा स्वस्त.

'काळीज फाटलं' म्हणतात ते क्वचित अक्षरशः घडतं. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९० साली एका विकाराचं वर्णन केलं: मोठ्या मानसिक धक्क्यानंतर छातीत कळ, ईसीजी झटक्यासारखा, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या. हृदयाचा डावा कप्पा मात्र खालून फुगलेला, वरून अरुंद. त्यांना त्यात ऑक्टोपस धरायचं मडकं दिसलं, ताकोत्सुबो, आणि तेच नाव पडलं. मासेमारी करणाऱ्या देशालाच हे सुचावं. ॲड्रेनालिनच्या लोंढ्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता बधिर होतो असं मानतात. पाळी गेलेल्या बायकांत ते जास्त दिसतं, आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात. पण छातीत कळ आली तर 'मनाचं आहे' म्हणून घरी बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. कारण आतून मडकं आहे की अडलेली वाहिनी, हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

वर्ष-दीड वर्षाने सगळं ओसरतंच, असंही नाही. बियांका असेव्हेडो यांनी एरन-फिशर-ब्राउन यांच्यासोबत केलेला एक अभ्यास २०१२ साली आला. सरासरी २१ वर्षं संसार झालेली, आणि अजूनही जोडीदारावर तितकंच प्रेम आहे म्हणणारी १७ माणसं. माणसं खोटं बोलतात, असं मला वाचताना वाटलं होतं. पण जोडीदाराच्या फोटोला त्यांची व्हीटीए नव्या प्रेमिकांसारखीच उजळली. भर म्हणून नात्याच्या जवळिकीशी जोडलेले भागही. सुरुवातीची धाकधूक तेवढी दिसली नाही.

आजींना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना लेव्होडोपाची वेगळीच बाजू माहीत आहे. ही गोळी आणि माशातली प्रथिनं पोटात गेली की अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा एकाच दारातून आत घुसायला धडपडतात, आतड्यातही आणि मेंदूच्या वेशीवरही. मासे आधी गेले तर गोळी बाहेर राहते आणि आजोबांचं पाऊल अडतं. म्हणून गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवायला सांगतात. ज्या घरात साठ वर्षं बाराच्या ठोक्याला कढी-भात आणि मासे होते, तिथलं घड्याळ आजींनी बदललंय.

त्या दिवशी पट्ट्या पिशवीत टाकता टाकता त्यांनी माझ्या मागच्या घड्याळाकडे बघितलं.

"बारा वाजले? चलतंय मी. गोळी साडेबाराक," आजी पायरी उतरताना म्हणाल्या, "नि मासे दीड वाजल्याशिवाय नाय. तोपर्यंत ह्यांका मागल्या दारी बसवतंय, नाय तर वास येवन उठतत."